ओल्या सरपणाचा धूर : घरातली बुरशी आणि घरातली हवा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी फोनवर हसला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस आणि बुरशीवर व्याख्यान?" आम्ही म्हटलं, अरे, बुरसटलेल्या विचारांवर आयुष्यभर बोललो, आता बुरसटलेल्या भिंतीवर बोलू.

पण हा विषय आम्ही स्वतः मागून घेतला आहे, आणि त्यामागे आमची एक चूक आहे. ती आधी सांगून टाकतो.

आमचं घर सांगलीच्या जुन्या भागात, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या माजघरात छातीइतकं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, घर धुतलं, आणि दिवाळी यायच्या आत सगळ्या भिंतींना पुट्टी मारून झकास प्लॅस्टिक पेंट लावून घेतला. पुराची खूणसुद्धा दिसायला नको, हा हट्ट आमचा. रंगारी म्हणत होता, "सर, भिंत अजून थंड लागतीय, उन्हाळ्यापर्यंत थांबा." आम्ही ऐकलं नाही.

जानेवारीत कपाटामागे काळे ठिपके आले. आम्ही ते पुसले. परत आले. परत रंग दिला. तोवर आमच्या सौ.ना रात्रीचा खोकला सुरू झाला होता. त्यांना लहानपणी दमा होता, तो चाळीस वर्षं गप्प होता. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध लिहिलं, आणि मग विचारलं, "झोपायच्या खोलीत कपाट कुठल्या भिंतीला आहे?" आम्ही गप्प. तीस-पस्तीस वर्षं वर्गात कार्यकारणभाव शिकवला, आणि घरात कार्याला रंग फासत बसलो, कारणाकडे पाहिलंच नाही. आजचं व्याख्यान त्या गप्प बसण्यातून आलेलं आहे.

धूर, अग्नी आणि ओलं सरपण

न्यायदर्शनातलं नेहमीचं उदाहरण बहुतेकांना माहीत असतं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. पण नैयायिक इथे थांबत नाहीत. ते विचारतात, उलट बाजूनं चालेल का? अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येईल? नाही. लोखंडाचा गोळा तापून लाल झाला तर अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा निघतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणतात. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये लपून बसलेली अट, असं समजा.

आता हे जसंच्या तसं भिंतीवर आणा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. आत्ता या सभागृहात आहेत, तुमच्या अंगणात आहेत, महाबळेश्वरच्या जंगलात आहेत. ते काही मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. ते घरात येऊ नयेत अशी तजवीज कुणालाही करता येत नाही. खायलाही त्यांना फार लागत नाही: धूळ, कागद, लाकूड, रंगातला चिकट अंश, कपड्यावरची खळ. हे प्रत्येक घरात आहेच. मग एका भिंतीवर बुरशी येते आणि शेजारच्या भिंतीवर येत नाही, हे कशामुळे? ओलीमुळे. बीजाणू आहेत, अन्न आहे, पण ओल नाही, तर बुरशी नाही. ओल ही इथली उपाधी.

ही गोष्ट आपल्या घरातल्या बायकांना न्यायशास्त्र न शिकता माहीत आहे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू दिला जात नाही. पापड ऊन खाल्ल्याशिवाय डब्यात जात नाहीत. तासगावकडे बेदाणा करतात तो शेडमध्ये, जाळ्यांवर द्राक्षं पसरून, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवून. द्राक्षबागायतदाराला विचारा, अवकाळी पाऊस आणि ढगाळ हवा आली की त्याची झोप का उडते? कारण भुरी आणि दावण्या त्या ओलीचीच वाट पाहत असतात. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण तिथल्या मातीत पाणी आत शिरत नसे. २००५ च्या पुरात पाणी आत गेलं आणि कित्येक पेवं निकामी झाली. हळद तीच, माती तीच, मध्ये पाणी आलं.

म्हणून आजच्या व्याख्यानाचा गाभा एका वाक्यात सांगतो, बाकी विसरलात तरी चालेल: भिंतीवरचा काळा डाग हा धूर आहे, तुम्ही ओलं सरपण शोधा.

ओल येते कुठून

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडला कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. म्हणजे पाणी एकच, पण दोन जिल्ह्यांतली ओल वेगळी. साताऱ्याच्या पश्चिमेला ती आभाळातून येते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथले जुने लोक पावसाळ्याआधी घरांना गवताच्या झडी बांधतात, आता प्लॅस्टिकच्या दिसतात. हेतू एकच, भिंत भिजूच द्यायची नाही. सांगलीत पाऊस बेताचा, पण ओल नदीतून येते, एकदम येते, आणि भिंतीच्या पोटात जाऊन बसते. माण, खटाव, जत, आटपाडीच्या श्रोत्यांनी मात्र आपण सुटलो असं समजू नये. टेरेसवरची गळती आणि मोरीतला फुटका पाइप यांना दुष्काळ माहीत नसतो.

घरातली ओल चार वाटांनी येते. एक, वरून: टेरेस, पन्हळ, खिडकीच्या कडा. दोन, खालून: जुन्या घरांत जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, साधारण तीन-चार फुटांपर्यंत. तीन, आतून: भिंतीतला पाइप. चार, हवेतून: अंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही वाफ थंड भिंतीला लागली की तिचं पाणी होतं, जसं थंड तांब्याच्या बाहेरून पाणी सुटतं तसं. कपाटामागे आणि कोपऱ्यात बुरशी आधी येते ती यामुळेच. तिथे भिंत थंड असते आणि वारा पोचत नाही.

यातली वाट कोणती हे ओळखायला दोन साध्या परीक्षा आहेत.

पहिली. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ओलसर भिंतीवर घट्ट बसवा. एक-दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं असेल तर ती हवेतली वाफ आहे. पहिल्या प्रकारात गवंडी किंवा प्लंबर लागेल. दुसऱ्यात खिडकी, एक्झॉस्ट फॅन आणि कपाट हलवणं पुरेल. दोन्हीकडे ओल दिसली तर दोन्ही कामं करावी लागतील.

दुसरी. भिंतीवर पांढरं काही दिसलं की लगेच बुरशी म्हणू नका. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे विटांमधून आलेले क्षार. तो आजार पसरवत नाही, पण पाणी खालून चढतंय ही बातमी देतो. विरघळलं नाही तर बुरशी धरून चाला.

आणि वास. कपाट उघडल्यावर येणारा कुबट वास हा पुरावा आहे. वैशेषिकांचं म्हणणं असं, की वायूला स्वतःचा गंध नाही. वास आला म्हणजे कुठून तरी द्रव्याचे कण आले. या बाबतीत आजचं रसायनशास्त्रही फार वेगळं सांगत नाही. डाग दिसत नसला तरी वास येत असेल तर माळा, कपाटाची पाठ, सिंकखालची जागा, गादीची खालची बाजू शोधा. कापूर, उदबत्ती किंवा सुगंधी फवारा मारून तो वास झाकू नका. आपण पुरावा नष्ट करतो, आणि उदबत्तीचा धूर वर घेतो.

घाबरायचं किती

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा सारांश असा: ओल्या, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वासाला घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे त्रास जास्त होतात, म्हणून ओल थांबवणं हाच उपाय. धडधाकट माणसाला बहुधा शिंका आणि नाक चोंदणं यापलीकडे काही होत नाही. दमेकरी, तान्ही मुलं, वृद्ध, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, मधुमेह ताब्यात नसलेले, यांनी मात्र जपायला हवं. या लोकांनी बुरशी साफही करू नये आणि साफसफाई चालू असताना त्या खोलीत थांबूही नये.

इथे एका नावाचा घोळ सोडवतो. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी गेला. तो म्युकरमायकोसिस. तेव्हापासून भिंतीवर काळा ठिपका दिसला की माणसं हादरतात. पण तो आजार भिंतीवरच्या काळ्या डागाचं दुसरं नाव नव्हे. त्यातलं काळेपण मेलेल्या ऊतींचं असतं, त्या बुरशीचा रंग काळा म्हणून नव्हे. मधुमेह बळावलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना त्यानं गाठलं. भिंतीवरच्या काळ्या बुरशीच्या जाती वेगळ्या आणि त्या अनेक आहेत. रंगावरून जात ओळखता येत नाही, आणि साफ करायला जात ओळखावीही लागत नाही. एकाच शब्दात दोन वस्तू कोंबल्या की भीती दुप्पट होते आणि विचार अर्धा.

आणि बुरशी म्हणजे वैरीच, असंही नाही. १९२८ साली फ्लेमिंगना पेनिसिलिन सापडलं ते बुरशीतच, आणि आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते बनवलं गेलं. प्रश्न जागेचा आहे. कारखान्याच्या टाकीत ती औषध, उशाशी ती आजार.

साफ कसं करायचं

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक ठोकताळा उपयोगी आहे. बुरशीची जागा १० चौरस फुटांपेक्षा कमी, म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांच्या आसपास असेल तर घरच्या घरी साफ करता येते. त्याहून मोठी असेल, किंवा पुराचं, गटाराचं पाणी शिरलं असेल, तर माहीतगार माणूस बोलवा. दुसरा ठोकताळा वेळेचा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुधा बुरशी धरत नाही.

कामाचा क्रम असा. आधी गळती बंद. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. मग एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. साधा रुमाल बीजाणू अडवत नाही. खोलीचं दार लावा, खिडकी उघडा, पण पंखा बंद ठेवा, कारण पंखा बीजाणू घरभर उडवतो. कोरड्या ब्रशनं खरवडू नका. आधी साबणाचं पाणी लावून ओलं करा, मग घासा, मग स्वच्छ फडक्यानं पुसा. फडकी पिशवीत बांधून टाका. त्यानंतर मात्र पंखा लावा आणि जागा खडखडीत वाळवा. धुण्याचा साधा साबण पुरतो. बुरशी मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं, कारण मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते.

काच, फरशी, स्टील, पक्कं लाकूड वाचतं. कापसाची गादी, उशी, फुगलेलं प्लायवूड, बुरशी आत मुरलेला सोफा वाचत नाही. मोह सोडा. आम्ही अकरा पोती पुस्तकं टाकली. दोनच वाचवली, आणि ती कोणती ते आज सांगत बसत नाही.

रंग सर्वांत शेवटी. विटेची भिजलेली भिंत पूर्ण वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. वर प्लॅस्टिक पेंट लावला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरते. आमच्याकडे अखेर चार फुटांपर्यंतचा गिलावा फोडला, विटा उघड्या ठेवल्या, एक उन्हाळा जाऊ दिला, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग दिला. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि भिंतीतली वाफ तो बाहेर जाऊ देतो. द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुना असतो, हे बागायतदारांना सांगायला नको. फक्त चुना कालवताना डोळे सांभाळा.

सौ.चा खोकला त्यानंतर कमी झाला. तो भिंतीमुळेच होता असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. औषधही चालू होतं, आणि एका उदाहरणावरून व्याप्ती सिद्ध होत नाही. पण रंगारी बरोबर होता, एवढं नक्की. आम्ही त्याला तसं सांगितलंही.

जे दिसत नाही आणि ज्याला वास नाही

आता सर्वांत गंभीर भाग. बुरशीनं घाईघाईत कुणी मरत नाही. बुरशी काढताना आणि ओल घालवताना केलेल्या दोन चुकांनी माणूस मरू शकतो.

पहिली चूक आम्ही स्वतः केली. पुरानंतर ब्लीचिंग पावडर घरोघरी होती. आम्ही ती मोरीत टाकली, आणि डाग जाईना म्हणून वर संडास धुवायचं ॲसिड ओतलं. क्षणात घसा आवळला, डोळ्यांतून पाणी. सौ.नी दंडाला धरून बाहेर ओढलं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर हाच वायू सोडला होता. ब्लीचमध्ये ॲसिड नको, व्हिनेगर नको, अमोनियाचं क्लीनर नको. एका वेळी एकच वस्तू, आणि ती पाण्यात. चुकून वायू सुटलाच तर बादली उचलायला थांबू नका, मोकळ्या हवेत जा, आणि श्वासाला त्रास होत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

दुसरी चूक थंडी-पावसात होते. कपडे वाळावेत, खोली उबदार व्हावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. किंवा गॅस गीझर लावून बाथरूमचं दार-खिडकी घट्ट बंद. जळायला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. न्यायाच्या भाषेत त्याला लिंगच नाही, खूणच नाही, म्हणून अनुमान करता येत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते, आणि माणूस तिथेच पडतो. बुरशी निदान वास मारून सांगते तरी. म्हणून इथे अनुमानावर न राहता नियमावर राहायचं: बंद खोलीत शेगडी नाही, जनरेटर नाही, गॅस गीझर शक्यतो बाथरूमच्या बाहेर, नाहीतर हवा येण्या-जाण्याची कायमची वाट हवी. पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नसे, आधी हवा खेळू देत असे. तेच शहाणपण.

प्रश्नोत्तरं

*पाटणहून एका ताईंचा प्रश्न आहे: चार महिने बाहेरच धुकं आणि पाऊस, मग खिडकी उघडून काय उपयोग?*

बरोबर आहे तुमचं. झड चालू असताना बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते, तिनं भिंत वाळत नाही. तेव्हा खिडकी उघडायची ती फक्त वाफ आणि धूर घालवायला, स्वयंपाक आणि अंघोळ झाल्यावर. उघडीप पडली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा, आरपार वारा जाऊ द्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आत ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर उत्तम. तुमच्याकडे जुलैत ते जमणार नाही, तिथे परवडत असेल तर हवेतली ओल शोषणारं यंत्र एका खोलीत, झोपायच्या, वापरावं.

*हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं तर?*

ते उडते बीजाणू थोडे गाळेल. भिंत वाळवणार नाही. आधी गळती, मग यंत्र.

*मिरजेहून विचारलंय: घर भाड्याचं आहे, मालक म्हणतात पुसून घ्या.*

फॉइलची परीक्षा करा आणि तारखेसह फोटो ठेवा. पाणी भिंतीतून येत असेल तर ते तुमच्या वाफेमुळे नाही, हे मालकांना डोळ्यांनी दाखवता येतं. लेखी कळवा, नम्रपणे कळवा. इंग्लंडमध्ये २०२० साली रॉचडेल गावात बुरशीच्या घरात राहणारं दोन वर्षांचं मूल श्वसनाच्या आजारानं गेलं. वडील तक्रार करत राहिले होते. त्यानंतर तिथे सामाजिक घरमालकांवर ठरावीक मुदतीत दुरुस्तीची सक्ती करणारा कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर मुलाचा पलंग आज रात्रीच त्या भिंतीपासून हलवा. त्याला मालकांची परवानगी लागत नाही.

वेळ झाली.